माझगावच्या चिनी दातवाल्यांकडे आलेल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. वर्दीतल्या माणसाचं चारचौघांत कौतुक झालं की पुढे त्रास त्यालाच होतो, एवढं या शहरात राहून कळलंय. पण पत्र मात्र उघडं लिहितेय. तुमच्या आधी आमच्या वाट्याला जे आले, त्यांच्यापैकी एकदोघांनी तरी ते वाचावं, अशी माझी स्वच्छ इच्छा आहे.

येये गेले. माझ्या वडिलांचे वडील. पंच्याण्णव वर्षांचे होते. रात्री पेज प्यायले, सकाळी उठलेच नाहीत. कुणाला उठबस करायला लावली नाही. अँटॉप हिलच्या चिनी दफनभूमीत त्यांना ठेवून आलो. माझी मालवणची आई एका बाजूला रामनाम घेत होती, दुसऱ्या बाजूला माझे वडील चिनी रीतीप्रमाणे मृतासाठीच्या कागदी नोटा जाळत होते.

त्यांच्या फाईलमध्ये तुम्ही नाव वाचलंत, जन्मसाल वाचलंत, राष्ट्रीयत्व वाचलंत. व्यवसायाचा रकाना कोरा होता, तो मी नंतर पाहिला. म्हणून बाकीचं थोडं सांगते.

१९३७ साली, आठ वर्षांचे असताना, काकाचं बोट धरून ते हुबेई प्रांतातून निघाले. मागे जपानी फौजा होत्या. पुढच्याच वर्षी वुहान पडलं. कलकत्त्याला बोटीतून उतरले, तिथून आगगाडीने मुंबईला. हुबेईकडून हिंदुस्थानात आलेल्यांचा धंदा जवळपास ठरलेला असायचा. आधी कागदाची फुलं विकायची, हात बसला की दातांकडे वळायचं. काका तसेच दातवाले झाले आणि येये काकांच्या हाताखाली. पायाने चालवायचं ड्रिल, चिनी मातीची पिकदाणी, कवळ्यांच्या साच्यांचं प्लास्टर आणि सगळ्या जिन्यात भरून राहिलेला लवंगेच्या तेलाचा वास. बाहेर पाटीवर रंगवलेली भली मोठी कवळी. मी लहानपणी तिला घाबरायचे.

गिऱ्हाईक म्हणजे गोदीतले हमाल आणि लालबाग-परळचे गिरणी कामगार. त्यामुळे येयेंचं मराठी फार मजेशीर होतं. 'आ करा', 'थुंका', 'दोन तास काही खायचं नाय' हे अगदी खणखणीत. त्यापलीकडचं सगळं हातवाऱ्यांनी. १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा अर्धवट झालेल्या कवळ्यांची रांग फळीवर पडून होती. माणसं पैसे नाहीत म्हणून न्यायला येईनात. येयेंनी त्या पूर्ण केल्या आणि चाळीचाळीत पोचवल्या. दात नसताना भाकरी कशी खाणार, असं म्हणायचे. ती उधारी किती फिटली ते आजीने कधी सांगितलं नाही, पण विषय निघाला की तिचे ओठ आवळले जायचे.

त्याआधी १९६२ चं चीन युद्ध होऊन गेलं होतं. तेव्हा सुमारे ३,००० चिनी वंशाचे लोक राजस्थानात देवलीच्या छावणीत डांबले गेले. त्यांत तान्ही मुलं होती, इथेच जन्मलेली माणसं होती. शिलाँगला दातांचाच धंदा करणारा येयेंचा चुलतभाऊ कुटुंबासकट तिथे गेला. पुढच्या वर्षी मद्रासच्या बंदरातून बोटीने त्यांना चीनला पाठवलं. जो देश त्याच्या बायकोमुलांनी कधी पाहिलाच नव्हता. येये छावणीतून वाचले, पण हजेरीतून नाही. पोलीस ठाण्यात जाऊन उभं राहायचं, शहराबाहेर पाऊल टाकायचं तर परवानगी काढायची. ते दिवस संपले तरी कागद संपले नाहीत. राहण्याचा परवाना, त्याचं नूतनीकरण, पुन्हा परवाना. एका कचेरीत तर नव्वदी ओलांडलेल्या माणसाला खुर्ची रिकामी असूनही बसू दिलं नव्हतं. 'ती साहेबांची आहे' म्हणे. दोन मजले उतरवत नाहीत असं आम्ही लिहून दिलं, त्यावर शेरा आला, 'अर्जदारास समक्ष हजर करावे.' आणि २०२० मध्ये, ऐन करोनात, आमच्याच इमारतीतल्या एका सुशिक्षित गृहस्थांनी सगळ्यांना मेसेज टाकला की दुसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याचं गाव वुहानच्या बाजूला आहे, जरा लक्ष ठेवा. त्र्याऐंशी वर्षांपूर्वी सुटलेलं गाव! त्या गृहस्थांच्या आईची कवळी येयेंनीच बनवलेली होती, हे त्यांना कुणी सांगायचं?

तर अशा घरात तुम्ही आलात. तुम्ही आमचं काम करून दिलंत, त्याचे आभार आहेतच. घरी येऊन सही-अंगठा घेतलात, फेऱ्या वाचवल्यात. पण माझ्या मनात दुसरंच काही घर करून बसलंय.

तुम्ही बूट दाराशी काढलेत, 'आजोबा, बसूनच राहा' म्हणालात आणि प्रश्न विचारायला लागलात. येये उत्तरं देत नव्हते, तुमच्या गालाकडे बघत होते. मग एकदम म्हणाले, 'खालची अक्कलदाढ. उजवी. दुखते.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोलिसांना असं कुणी बोलतं? तुम्ही हसलात, 'चार दिवस झाले, ठणकतेय' म्हणालात, फाईल मिटलीत आणि उठून त्यांच्या त्या जुन्या फाटक्या खुर्चीत जाऊन बसलात. टोपी काढून मांडीवर ठेवलीत.

येयेंनी आरसा स्पिरिटने पुसला, बॅटरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, 'आ करा.'

तुम्ही आ केलात.

मॅडम, साठ वर्षं सरकारी माणसं त्यांना तपासत आली होती. चेहरा, फोटो, अंगठा, सही. त्यांच्यासमोर विश्वासाने तोंड उघडणारं कुणी त्यांत नव्हतं. तुमच्या हवालदारांना ते फारसं रुचलेलं दिसलं नाही, दारात उभे राहून घड्याळ बघत होते. त्यांचंही बरोबर असेल. पण येयेंचा हात, जो चमचा धरतानासुद्धा थरथरायचा, तो आरसा धरताना स्थिर होता. संध्याकाळी त्यांनी दोन वाट्या भात खाल्ला आणि वडिलांना तीनदा सांगितलं की आज पेशंट आला होता.

तुम्हाला हे आठवतही नसेल. चांगल्या माणसांची हीच पंचाईत आहे. ती करून मोकळी होतात, हिशोब आमच्याकडे राहतो. नियमांची पुस्तकं सगळ्यांना सारखीच मिळतात, त्याच पुस्तकातून एकाला 'समक्ष हजर करावे' सापडतं आणि दुसऱ्याला दोन जिने चढण्याची वाट सापडते. गेल्या आठवड्यात त्या दुसऱ्या कचेरीतून फोन आला होता, नूतनीकरणासाठी त्यांना घेऊन या म्हणून. अँटॉप हिलचा पत्ता दिला.

येयेंच्या दवाखान्याचा खोकी भरतील एवढा जुना पसारा आवरताना त्यांची नोंदवही मिळाली. शेवटच्या पानावर तुमची नोंद आहे. त्यांच्या लिपीत, वडिलांकडून वाचून घेतली: पोलीस बाई, खालची उजवी अक्कलदाढ आडवी आहे, काढावी लागेल, फी घेतली नाही. तेव्हा अजून काढली नसेल तर नायरच्या डेंटलला जाऊन या. लवंगेच्या तेलावर ढकलू नका, ते त्यांना अजिबात आवडायचं नाही.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची नात