पुढच्या रविवारचा शास्त्रभाग आजच सांगा

मा. संपादक,
स. न.

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, जवळ आला की आमच्या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये बैठका सुरू होतात. कॅरोलला कोण जाणार, मंडप कोणाचा, प्रीतिभोजनाचा आचारी कोण, सगळे ठरते. वर्षभर व्यासपीठावरून काय शिकवायचे, हा विषय मात्र मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीत निघाल्याचे मी तरी ऐकलेले नाही. मग एका रविवारी बायबलमधला योनाचा मासा, पुढच्या रविवारी प्रकटीकरणातले सात शिक्के, मध्येच पाहुण्यांची साक्ष. (दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याचा विषय, तेवढा न चुकता येतो.)

यात पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, दोष देण्यात अर्थ नाही. खेड्यांत एकेका पाळकाकडे चार-पाच मंडळ्या, शिवाय लग्ने, मयती, आजाऱ्यांच्या भेटी. उपदेशाची तयारी शनिवारी रात्रीच होणार! म्हणून तर आखणी हवी.

रोमन कॅथलिक उपासनेत वाचनांचे तीन वर्षांचे चक्र आहे: चार शुभवर्तमानांपैकी एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान सणासुदीला व अधूनमधून. आपण निदान एक पुस्तक तरी सलग धरावे. मार्काचे अध्याय सोळाच. आठवड्याला एक घेतला तरी चार महिन्यांत होतो. रविवारी त्यावर उपदेश, शब्बाथ शाळेत (मुलांच्या बायबल वर्गात) तोच भाग आणि बुधवारच्या घरसभेत त्यावरच चर्चा. पुढचा भाग आदल्या रविवारीच दारातल्या फळ्यावर लिहावा.

आमच्या घरसभेत हे करून पाहिले. चौथ्या अध्यायातला पेरणाऱ्याचा दाखला होता. एरवी कोपऱ्यात गप्प बसणारे एक शेतकरी सभासद म्हणाले, "हे बी फोकलेलं आहे. पाभरीनं पेरलं असतं तर वाटेवर कशाला पडलं असतं?" मग वाटेवर आणि खडकावर बी वाया जाणार हे ठाऊक असून तो हात आखडता का घेत नाही, यावर जी चर्चा रंगली, ती चहा गार झाला तरी थांबेना. ते सभासद हा भाग घरून वाचून आले होते, म्हणून हे घडले.

"पवित्र आत्म्याला वेळापत्रकात बांधता का?" असे आमच्याकडे एकांनी विचारले. शनिवारी रात्री सुचवणारा आत्मा मंगळवारीही सुचवू शकेल, असे मला वाटते.

आणखी एक सुचवते. रेव्ह. ना. वा. टिळकांच्या या नगरात ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा आहे. पूर्वरंगात वचनाचा अर्थ, उत्तररंगात आख्यान. महिनाअखेरीस त्या महिन्यातल्या अध्यायांवर एखादे कीर्तन ठेवले, तर वाचता न येणाऱ्या आजीबाईंपर्यंतही पाठ पोहोचेल. पेटी, तबला चर्चमध्ये आहेतच. वेळ हवा असेल तर रविवारच्या लांबलचक सूचना आटोपत्या घ्याव्यात. त्या फळ्यावरही लिहिता येतात.

– एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर