कन्नड शाळेतल्या अकरा रात्री

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. परवा फोनवर बाबा परत तेच म्हणाले, एवढं शिकून हे कसलं काम, मराठी-कन्नडच्या भांडणात आपण कशाला पडायचं, आणि मी चिडून फोन ठेवला. चुकलंच माझं. फोनवर मला हे धड बोलता येत नाही म्हणून लिहायला बसलेय.

बाबा, 2005 चा पूर तुम्ही विसरणं शक्यच नाही. मी आठवीत होते. दूधगंगेचं पाणी आधी परड्यात आलं, मग गोठ्यात, आणि रात्री उंबऱ्याला लागलं तेव्हा तुम्ही म्हशीचं दावं विळ्यानं कापून तिला सोडून दिलंत आणि आईनं ट्रंक डोक्यावर घेतली. आपल्याला नेऊन ठेवलं ते कन्नड शाळेत. एका वर्गात सहा घरं, तीन आपली मराठी, तीन कृष्णाकाठची कन्नड, आणि पहिल्या दिवशी मधोमध सगळ्यांनी बोचकी रचून भिंतच घातली होती. आई, तुझं पीठ भिजून गोळा झालेलं, तू नुसती बसून होतीस, तर पलीकडच्या अक्कांनी एक बोचकं बाजूला सरकवलं, "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवलात काय, असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दोन भाकरी आणि शेंगाचटणी माझ्या हातात ठेवली. तीन विटांच्या चुलीवरची ती भाकरी, धुराचा वास लागलेली, अजून आठवते मला. चौथ्या दिवसापर्यंत तुम्हा दोघींची चूल एक झाली होती. तुझं कन्नड तोडकं, त्यांचं मराठी त्याहून तोडकं, तरी रात्री किती वेळ बोलत असायचा तुम्ही.

पण त्याच शाळेच्या व्हरांड्यात मी दुसरं पण ऐकलंय. महाराष्ट्रातल्या कोयना धरणातून पाणी सोडलं म्हणून आपली माणसं शिव्या घालत होती, आणि नंतर महाराष्ट्रात शिरोळला मामाकडं गेलो तर तिथं कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाला शिव्या, त्याच्यामुळं पाणी तुंबतं म्हणून. 2019 च्या पुरानंतर महाराष्ट्रानंच नेमलेल्या वडनेरे समितीनं आलमट्टीला दोष दिला नाही, पण मामाला ते आजही पटत नाही, आणि मला त्याचा राग येत नाही कारण त्याच्या घरात पण छातीएवढा चिखल होता. घर सोडावं लागलं की माणूस मऊच होतो असं काही नसतं बाबा. राग पण साठतो, आणि तो कुणाच्या तरी नावावर टाकल्याशिवाय झोप लागत नाही.

आम्ही काम करतो ते इथंच. नदीकाठच्या दोन्हीकडच्या गावांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पावसाळ्यात रोज सकाळी राजापूर बंधाऱ्यावरून किती क्युसेक चाललंय, आलमट्टीतून किती सोडलंय, ते मराठीत आणि कन्नडमध्ये टाकायचं. बस्स, एवढंच दिसतं बाहेरून. पण 2022 च्या डिसेंबरात सीमावादावरून गाड्यांवर दगड पडले, एसटी बंद झाली, कुणीतरी जुने व्हिडिओ आजचे म्हणून फिरवायला लागलं, तेव्हा ह्याच ग्रुपमधली माणसं एकमेकांना फोन करून विचारत होती की तुमच्याकडं खरंच असं झालंय काय. पुराच्या टायमाला जो खरं सांगतो त्याच्यावर एरवी पण विश्वास बसतो. सीमाप्रश्न कोर्टात आहे, तो आम्ही सोडवणार नाही, तुमचं त्याबद्दलचं मत पण बदला म्हणत नाही. 17 जानेवारीला तुम्ही सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना वंदन करायला जाता, मी पण येते की. पण टोलनाक्यावर मार खाणारा ड्रायव्हर कुणाचा तरी बाबाच असतो.

गेल्या हिवाळ्यात ग्रुपमधल्या पोरांना घेऊन कर्नाटकातल्याच मुंडगोडला गेलो होतो, 1966 पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे तिथं. आई, तू थंडीत बेळगावात स्वेटर घ्यायचीस ना तिबेटी लोकांकडून, त्यांच्यातलीच माणसं. दलाई लामांना 1959 मध्ये देश सोडावा लागला, अजून परत जाता आलेलं नाही, तरी हिंसा न करता, चीनशी बोलूनच मार्ग काढायचा म्हणतात, 1989 ला शांततेचं नोबेल मिळालं ते त्यामुळंच. तिथले एक आजोबा छान कन्नड बोलत होते. त्यांना मी आपल्या अकरा रात्रींचं सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "घर परत मिळालं ना?" मिळालं म्हटलं मी, आणि पुढं काही बोलताच येईना मला. आपण परत जाऊन भिंती धुतल्या, चुना मारला, देव मांडले. सगळ्यांना कुठं जमतं ते.

तर बाबा, जूनच्या पहिल्या रविवारी ग्रुपची बैठक आहे चिकोडीला, पाऊस लागायच्या आत. तुम्ही दोघं या. पाणी चढताना आधी काय उचलायचं, जनावरं कधी सोडायची, हे तुमच्याएवढं कुणाला माहीत आहे, पोरांना तुमच्या तोंडून ऐकू दे. कन्नडमध्ये सांगायचं काम माझं. आईच्या गुडघ्याचं बघून गाडी पाठवते, एसटीनं येऊ नका.

आणि आई, त्या अक्का सापडल्या. त्यांचा नातू आमच्या ग्रुपमध्ये आहे, त्याच्या घरी जाऊन आले. आता फार ऐकू येत नाही त्यांना. त्या पण येणार आहेत बैठकीला. त्यांनी विचारलं, तुमची म्हैस शेवटी सापडली काय? मी काही सांगितलं नाही. तूच सांग.

तुमची,
ताई