उपाशी शैवालाचे तेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शैवालापासून इंधन मिळवण्याविषयीचा आपल्या दैनिकातील लेख वाचला. विषय महत्त्वाचा आहे. परंतु ‘नत्र तोडले (म्हणजे नायट्रोजनचा पुरवठा बंद केला) की शैवाल भरपूर तेल देते’ हे त्यातील विधान अर्धेच खरे असल्याने हे पत्र लिहीत आहे.

क्लॅमिडोमोनास हे एकपेशीय शैवाल मी प्रयोगशाळेत वाढवले आहे. नत्र नसलेल्या द्रावणात ठेवले की चंबूतला गर्द हिरवा रंग काही दिवसांत पोपटी आणि पुढे पिवळट होत जातो. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत नत्राचे ४ अणू असतात आणि कार्बन डायऑक्साइड बांधून घेणारे रुबिस्को हे विकर (एन्झाइम) म्हणजे तर प्रथिनांत अडकलेल्या नत्राचे कोठारच. त्यामुळे बाहेरून नत्र येणे थांबले की पेशी प्रकाशसंश्लेषणाची स्वतःचीच यंत्रणा मोडून त्यातले नत्र अधिक निकडीच्या कामांकडे वळवते.

हा बदल जनुकांच्या पातळीवरही स्पष्ट दिसतो. प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनांची आणि प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमच्या घटकांची जनुके मंदावतात, तर अमोनियम व नायट्रेट या रूपांतले नत्र आत ओढून घेणाऱ्या प्रथिनांची जनुके जोमाने काम करू लागतात. (एरवी अमोनियम हाताशी असेपर्यंत नायट्रेट वापरण्याची जनुके पेशी बंदच ठेवते.) याच काळात तेल तयार करणाऱ्या काही विकरांची जनुकेही जागी होतात. विभाजन थांबलेले असते, प्रकाश मात्र पडतच असतो. मग बांधलेला कार्बन आधी मुख्यतः पिष्टात (स्टार्चमध्ये) आणि नंतर तेलाच्या थेंबांत साठू लागतो. नाईल रेड हा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की हे थेंब सोनेरी चमकतात, आणि ते पहिल्यांदा पाहताना झालेला आनंद मी विसरलेलो नाही.

पण ही सुबत्ता नव्हे, उपासमारीतली तजवीज आहे. प्रत्येक पेशीतले तेल वाढते, पेशींची संख्या मात्र वाढत नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ या काळात शैवाल-इंधनाचा जो दीर्घ कार्यक्रम राबवला, त्याच्या अखेरच्या अहवालातही हीच अडचण नोंदवली आहे : तेलाचे प्रमाण वाढले, तरी वाढ खुंटल्यामुळे एकूण उत्पादन वाढले नाही. म्हणूनच आधी नत्र देऊन पीक दाट करायचे आणि मगच नत्र तोडायचे, अशी दोन टप्प्यांची पद्धत पुष्कळ ठिकाणी वापरली जाते.

यापुढे अशा लेखांत पेशीतील तेलाची टक्केवारी छापताना दर लिटर द्रावणातून दररोज किती तेल मिळाले, हा आकडाही शेजारी द्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक