कुलपाला जामीन कोण?

संपादक साहेब, नमस्कार.

मी सांगलीकडच्या एका छोट्या पतसंस्थेचं कॉम्प्युटरचं काम बघतो, म्हणजे प्रिंटर अडकला तरी मीच आणि वेबसाइट बंद पडली तरी मीच. मागे एका सोमवारी सकाळी एक आजोबा काउंटरवर मोबाईल पुढे धरून उभे, स्क्रीनवर लाल त्रिकोण, म्हणाले "अहो, तुमची साइट चोरांची आहे म्हणतोय हा." सर्टिफिकेट, म्हणजे ब्राउजरमधल्या कुलपामागचं साइटचं डिजिटल ओळखपत्र, त्याची मुदत संपलेली. आम्ही तर दोन वर्षांचे पैसे एकदम भरले होते, पण एका सर्टिफिकेटला तेव्हा 398 दिवसांच्या वर मुदतच मिळत नव्हती, मध्ये परत काढून बसवावं लागतं, हे विकणाऱ्याने कधी सांगितलंच नाही आणि आठवणीचे मेल गेले नोकरी सोडून गेलेल्या पोराच्या पत्त्यावर. विकणारा म्हणतो सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीला विचारा, कंपनी म्हणते ज्याच्याकडून घेतलं त्याला विचारा. तोवर आमच्या कॅशियर ताई फोनवर एकेकाला सांगतायत, "काही नाही हो काका, अ‍ॅडव्हान्स्डवर दाबा आणि पुढे जा." मला लाल त्रिकोणापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

आमचं प्रकरण तसं किरकोळ. पण हे सर्टिफिकेट देणारे म्हणजे शेवटी जामीनदार, ही साइट खरंच त्याच माणसाची आहे असं ते सही करून सांगतात आणि त्या सहीवर आपण पासवर्ड टाकतो. कर्जाचा हप्ता थकला की आम्ही जामीनदाराच्या दारात जातो, इथे जामीनदारच चुकला तर कोणाच्या दारात जायचं?

2011 मध्ये नेदरलँड्सच्या डिजिनोटार या सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीत हॅकर घुसले, पाचशेच्या वर खोटी सर्टिफिकेटं निघाली, त्यातलं गुगलच्या नावाचं वापरून इराणमधल्या लोकांचं जीमेल चोरून वाचलं गेलं. कंपनीला जुलैमध्येच कळलं होतं, गप्प बसली, ऑगस्टच्या शेवटी बाहेरच्या लोकांनी पकडलं आणि सप्टेंबरमध्ये दिवाळं. पण तपासाचा अहवाल सगळ्यांसमोर आला, सर्व्हरवर अँटिव्हायरस नव्हता आणि पासवर्ड कच्चा होता इथपर्यंत. (आमच्या शाखेत तरी अँटिव्हायरस आहे बरं का!)

आता आपल्याकडचं बघा. जुलै 2014 मध्ये गुगलच्या लक्षात आलं की त्यांच्या नावाची परवानगी नसलेली सर्टिफिकेटं आपल्या एनआयसीकडून, म्हणजे सरकारी खात्यांचं कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेकडून, निघालीयत. एनआयसीच्या मागे जामीन सीसीए (कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज), म्हणजे टेंडर भरायला आपण जो डीएससीचा, डिजिटल सहीचा, डोंगल लावतो त्या सगळ्यावर जी सरकारी संस्था बसलीय तीच. सीसीएने एनआयसीची सर्टिफिकेटं लगेच दुसऱ्या दिवशी रद्द केली, ते चांगलंच केलं. पण नंतर कळवलं काय, तर फक्त चार चुकीची निघाली, तीन गुगलची आणि एक याहूचं. गुगलने जाहीर सांगितलं की या चारात नसलेली आणखीही आम्हाला माहीत आहेत, तेव्हा नुकसान किती ते कळायला मार्ग नाही. आणि मग गुगलच्या क्रोम ब्राउजरने सीसीएवरचा विश्वास जीओव्ही डॉट इन, एनआयसी डॉट इन अशा मोजक्या नावांपुरताच ठेवला. आपल्या सरकारच्या शिक्क्याची हद्द एका अमेरिकन कंपनीने आखून दिली, आणि खरं सांगायचं तर ती बरोबर होती, म्हणून जास्त झोंबतं.

सर्टिफिकेट देणाऱ्या सिमँटेकसारख्या बड्या कंपनीलाही क्रोमने 2018 मध्ये विश्वासाच्या यादीतून बाहेर काढलं, 2024 मध्ये एन्ट्रस्ट या तशाच कंपनीची नवीन सर्टिफिकेटं मानणं बंद केलं. म्हणजे शिक्षा होते, पण ती ब्राउजरवाले देतात. हल्ली जी सर्टिफिकेटं निघतात त्यांची नोंद सार्वजनिक लॉगमध्ये, म्हणजे सगळ्यांना खुल्या नोंदवहीत, असते, कोणीही बघू शकतं, मी आमच्या संस्थेचं नाव टाकून बघितलं तर कधीच बंद केलेल्या टेस्ट साइटचं पण निघालं! जे माझ्यासारख्याला फुकट बघता येतं ते बँका आणि सरकारी खात्यांनी रोज बघावं, आणि आपल्याकडे असं काही घडलं की सीसीएने काय झालं, किती झालं, का झालं ते साध्या भाषेत जाहीर करावं, चार म्हणून मोकळं होऊ नये.

आमच्या ताईंना मी सांगून ठेवलंय, लाल स्क्रीन आली की पुढे जा म्हणायचं नाही, शाखेत या म्हणायचं.

आपला,
एक वाचक, सांगली