सहा ठिपके आणि एक सुटलेला झेल

पुणे, गुरुवार रात्र

प्रिय दिग्या,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, शुगरची गोळी सुरू झालीय, बास.

एका दैनिकाने क्रीडाबातम्यांची नवी वेबसाइट केलीय. लोकांपुढे जाण्याआधी तपासून द्या म्हणून माझ्याकडे आली. वीस वर्षं हेच करतोय, दोन दिवसांत आटोपलं. व्हिडिओ आपोआप बोंबलायला लागतो, तो बंद करा म्हटलं. धावफलक ताजा झाला की पान टुणकन वर उडी मारतं आणि वाचणारा आपली जागा हरवून बसतो, तेही लिहिलं. 'आज कोण जिंकणार?' या कौलात मत दिल्यावर पुढे काहीच होत नाही, म्हणजे आपल्या वॉर्डातल्या निवडणुकीसारखंच. बाकी रंगसंगतीला मात्र मी 'उत्कृष्ट' दिलं. गडद निळ्यावर प्रत्येक चेंडूचा एक ठिपका: चौकार हिरवा, विकेट लाल, निर्धाव पांढरा. अक्षर नाही, आकडा नाही. काय सुटसुटीत, असं कौतुकही लिहिलं.

काल रात्री अंथरुणात तीच साइट उघडली. मला झोप लागावी म्हणून लेकीने माझा फोन दहानंतर काळापांढरा होईल असं करून ठेवलंय. बघतो तर षटकातले चार ठिपके पांढरे आणि दोन राखाडी, अगदी एकसारखे. विकेट पडली की चौकार बसला, काही कळेना. (आपल्या मधल्या फळीकडे बघता फार बिघडत नव्हतं म्हणा.) उठून बसलो आणि दिग्या, तू आठवलास.

कुपवाडवाल्यांविरुद्धची फायनल. लाँग ऑनला तू, आणि तो लाल चेंडू गवताच्या आणि कडुलिंबाच्या हिरव्यातून सरळ तुझ्याकडे. तू भलतीकडेच बघत उभा. मी महिनाभर बोललो नव्हतो तुझ्याशी. देशपांडे सरांसमोर म्हणालो होतो, हात तुपात बुडवून आलाय. मग चार वर्षांनी रेल्वेच्या मेडिकलला ती रंगांधळेपणा तपासायची, ठिपक्यांची इशिहाराची पुस्तिका तुझ्यापुढे धरली. त्यातला आकडा तुला दिसेना आणि ड्रायव्हरकी तिथेच संपली. तुझ्याबरोबर मिरज स्टेशनवर चहा पीत बसलो होतो. तेव्हाही त्या झेलाचं मी काही बोललो नाही. तूही नाहीस. आईकडून येतं म्हणे हे. तुझ्या मामाचे मोजे तेव्हाच बघायला हवे होते, एक लाल, एक हिरवा, आणि आपण हसत बसलो.

आता वाद घालू नकोस, २००१ची ईडन कसोटी आपण स्टँडसमोरच्या त्या सायबर कॅफेतच 'पाहिली'. लक्ष्मण २८१, द्रविड १८०, चौथ्या दिवशी दिवसभर एक विकेट नाही, आणि तासाचे पैसे दर वेळी तू दिलेस (सुन्या अजून म्हणतो त्याने दिले). क्रिकइन्फो या क्रिकेटच्या वेबसाइटचं ते पान काय देखणं होतं असं कुणी म्हणणार नाही. सायमन किंग नावाच्या माणसाने १९९३ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात बसून ते सुरू केलं, आणि जगभरातल्या हौशी मंडळींनी फुकट राबून वाढवलं. पण तिथे गोलंदाज, फलंदाज आणि पुढे 'चार' किंवा 'आऊट' असं सरळ शब्दांत लिहिलेलं असायचं. तुला कधी मला विचारावं लागलं नाही. ते पान तुला दिसत होतं आणि मैदान दिसत नव्हतं, हे माझ्या डोक्यात इतक्या वर्षांत आलं नाही.

बरं, मला नियम माहीत नाहीत असं नाही. वेबसाइटसाठीची डब्ल्यूथ्रीसीची (वेबचे नियम ठरवणारी संस्था) मार्गदर्शक तत्त्वं मी नवीन पोरांना शिकवतो: अर्थ नुसत्या रंगावर टांगू नका, अक्षर आणि पार्श्वभूमीतला उजळपणाचा फरक किमान ४.५ ला १ ठेवा. शिकवतो, आणि स्वतः 'उत्कृष्ट' लिहून मोकळा होतो. अहवाल देऊन झालाय, बिलही गेलंय. परत मागितला तर तिथली ती हुशार पोरगी, जिने हे ठिपके काढलेत, म्हणेल काकांचं वय झालं. म्हणू दे. पण 'सगळ्यांना दिसतंय की' असं साहेबांनी म्हटलं तर? मला दिसतंय, हाच तर घोळ आहे.

ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू वेड माहितीये ना? तोही रंगांधळा. कसोटीत यष्टिरक्षण केलं त्याने, आणि गुलाबी चेंडू दिसायला त्रास होतो हे उघड सांगितलं. आपल्या टीममध्ये असता तर मी त्यालाही तुपाचंच म्हणालो असतो.

वहिनींची बदली रद्द झाली का? चिनूचं अकरावीचं कळव. तात्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला येतोच.

सोमवारी सुधारलेला अहवाल देतोय. सोबत त्या साइटच्या तीन षटकांची चित्रं पाठवतो. प्रत्येकात विकेट किती आणि चौकार किती, ते लिहून कळव. वहिनींना विचारून लिहू नकोस.

तुझा,
बाळ्या