आबांचा हात चोळणाऱ्या पोस्टमनदादांना

पोस्टमनदादा,

आबांचं तेरावं परवा झालं. पाहुणे गेले, मांडव सुटला, आणि रिकाम्या ओसरीवर पहिल्यांदा जरा टेकले तर डोळ्यांपुढे तुम्हीच आलात. पेन्शनसाठी लागणाऱ्या एका हयातीच्या दाखल्याचं एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. म्हणूनच लिहायला बसले.

तुम्ही यायच्या आठच दिवस आधी आम्ही आबांना क्रूझरमध्ये बसवून तालुक्याला नेलं होतं. एक्क्याण्णव वर्षांचा माणूस, पायांत बळ राहिलं नव्हतं. दोघांनी खुर्चीसकट उचलून पायऱ्या चढवल्या. मशीनवर अंगठा काही उठेना. पाच-सहा वेळा पुसून पुसून ठेवला. खिडकीतल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "हे जिवंत आहेत हे सिस्टीमला कळलं पाहिजे ना. उद्या परत आणा." आबा त्यांच्यापासून दोन हातांवर बसले होते. सरकारी काम आहे म्हणून पहाटे उठून दाढी करून घेतलेली, सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा लावलेली. येताना वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत आणि त्या संध्याकाळी हरिपाठाला बसले नाहीत. दादा, मला या घरात येऊन छत्तीस वर्षं झाली. सासूबाई गेल्या त्या दिवशीही त्यांनी हरिपाठ चुकवला नव्हता.

मग दाखला घरीच करून द्यायला तुम्ही आलात. तुमच्याही मशीनवर अंगठा उठेना. माझ्या पोटात गोळा आला, आता हेही म्हणणार उद्या बघू. तुम्ही मशीन बाजूला ठेवलंत. खाली सतरंजीवर बसलात, आबांचा उजवा हात आपल्या दोन्ही तळव्यांत घेतलात आणि हळूहळू चोळायला लागलात. "हात लई गार पडलाय आबा तुमचा. राहू द्या, घाई न्हाई." हात चोळता चोळता भिंतीवरच्या वर्दीतल्या फोटोकडे बघून विचारलंत, "ह्या हातानं काय चालवायचे आबा?"

दोन वर्षं झाली होती आबांनी कुणाशी धड बोलून. आम्ही विचारायचो, ते "हूं" करायचे. आणि तुम्हाला म्हणाले, "डाकोटा."

पुढचं तुम्ही ऐकलंतच, तरी मला लिहू द्या. आमच्या गंगाखेडच्या बाजूची बरीच पोरं निजामाच्या राज्यात उर्दूत शिकली, त्यांतलेच आबा. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य भारतात आणणारी पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. गोदावरीच्या वाळवंटात गुरं घेऊन गेले असताना डोक्यावरून विमान गेलं आणि त्या पोरानं मनात काय ते ठरवलं. तिथून हवाई दलात ते कसे पोचले, हे त्यांनी कधी फोड करून सांगितलं नाही. "पांडुरंगानं नेलं" एवढंच म्हणायचे. १९६२ च्या चीनच्या लढाईत नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या डोंगरांत चौक्यांवर धान्याची पोती टाकायचं काम त्यांच्याकडे होतं. आणि ११ डिसेंबर १९७१ ला टांगाईल, आजच्या बांगलादेशातलं. मयमनसिंगकडून ढाक्याला माघार घेणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवायची म्हणून दुसरी पॅरा बटालियन पुंगलीच्या पुलाजवळ आकाशातून उतरवली, त्या विमानांच्या रांगेत आबांचं डाकोटा होतं. पाच दिवसांनी, १६ डिसेंबरला, ढाका पडलं.

पण तुम्हाला त्यांनी लढाई सांगितली नाही, हात सांगितला. दार उघडं असतं, हिरवा दिवा लागतो, मागून पोरं एकामागून एक उड्या मारतात. तेवढा वेळ विमान हलू द्यायचं नसतं. उजवा हात थ्रॉटलवर, आणि त्या हाताला सांगायचं, बाबा, थरथरू नको, लेकरं उतरायलेत. हे आम्ही घरच्यांनी कधी ऐकलं नव्हतं. माझे मालक दाराशी उभे राहून डोळे पुसत होते, तुमचं लक्ष नव्हतं.

त्याच उजव्या हातानं त्यांनी सासूबाईंची वेणी घातली आहे. सासूबाईंना अर्धांग झालं ते अकरा वर्षं त्या अंथरुणात होत्या. बायकांचं काम म्हणून आबांनी ते कधी माझ्यावर सोडलं नाही. मी वेणीला हात लावला तर म्हणायचे, "सूनबाई, माझ्या हातची सवय आहे तिला." आधी वेणी, मग अंघोळ-पूजा, मग चहा. गळ्यातली तुळशीची माळ त्यांनी वर्दीतही उतरवली नव्हती. निवृत्तीनंतर पाय चालत होते तोवर वारी चुकवली नाही.

अंगठा उठला तेव्हा तुम्ही उठायला लागलात, तर आबांनीच तुमचा हात धरून ठेवला. म्हणाले, "माझी माय अडाणी होती. एकाहत्तरला माझं कार्ड आलं की इथला पोस्टमन ह्याच ओसरीवर बसून तिला वाचून दाखवायचा. दोन-दोनदा वाचायचा. त्याचे आभार मानायचे राहिले." तुम्ही वाकून त्यांच्या पाया पडलात. तेव्हा मला रडू आवरलं नाही.

तुमचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण गावोगाव अशी माणसं आहेत, तुटपुंज्या पगारावर, फटफटीवर उन्हातान्हात फिरणारी, जी समोरच्या म्हाताऱ्याला आधी माणूस म्हणून बघतात. त्यांच्यावरच आमच्यासारख्यांचं चाललंय. खिडकीतल्या त्या साहेबांवर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. मान वर करायला पैसा लागत नव्हता. आबांचं बोट गार आहे एवढं त्यांना कळलं असतं, तर ती आठ दिवसांची गप्पगप्प संध्याकाळ आमच्या घरावर आली नसती.

तुम्ही गेलात त्या दिवशी दिवेलागणीला आबांनी हाक मारली, "सूनबाई, टाळ आण." पुढचे एकेचाळीस दिवस एकही हरिपाठ चुकला नाही. शेवटच्या दिवशी टाळ धरवेना, तर नातवानं त्यांचा हात धरून वाजवला. तुम्ही धरला होतात तसाच, दोन्ही तळव्यांत.

त्या दिवशी तुम्हाला अजून दोन गावं करायची होती म्हणून चहा अर्धाच टाकून गेलात. टपाल असो-नसो, या बाजूला आलात की थांबा. कडी वाजवू नका, सरळ आत या. तुमचा अर्धा कप राहिलाय.

तुमची,
विमानवाल्या आबांची सून