आईला किती सांगायचं ते तुम्ही ठरवा

कोलंबस, ओहायो
९ नोव्हेंबर

ती. स्व. अप्पाकाकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर "पायाला सूज, जरा ताप" म्हणालो ते अर्धंच खरं होतं. पलीकडे आई असली की बोलवत नाही. आता घरी आलोय, म्हणून लिहितो. तिला किती सांगायचं ते तुम्ही ठरवा.

ऑगस्टमध्ये मागच्या अंगणात काम करताना पोटरीला काटा ओरखडला. तीन दिवसांत पाय गुडघ्यापर्यंत लालभडक, १०३ ताप, हुडहुडी. इमर्जन्सीत पोचलो तेव्हा बीपी घसरलेलं, ब्लड कल्चरमध्ये स्टॅफ नावाचे जंतू. इथवर कुणालाच नवल नव्हतं. पण एवढ्या इन्फेक्शनमध्ये पांढऱ्या पेशी वाढायला हव्यात ना? माझ्या ११००. त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल ३००, प्लेटलेट ४८ हजार. दोन दिवस सगळे म्हणत होते, सेप्सिसमुळे, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनल्यामुळे, पेशींचे काउंट पडलेत. होतं उलटंच. काउंट आधीच पडलेले, म्हणून जंतूंना रान मोकळं मिळालं.

चोर पकडला तो मोनोसाइटच्या, म्हणजे पांढऱ्या पेशींच्याच एका जातीच्या, रकान्यातल्या शून्याने. रक्ताच्या डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, तर प्लीहा चार बोटं खाली. मग मशीनवर न भागवता स्लाइड मागवली आणि मलाही फोटो दाखवला. रुईची म्हातारी उडते ना, तशी एक लिम्फोसाइट, म्हणजे पांढरी पेशीच, कडेला सगळीकडून बारीक केस फुटलेले. लॅबमध्ये स्लाइड बघणारे तुम्हीच आठवलात.

हेअरी सेल ल्युकेमिया, केसाळ पेशींचा रक्ताचा कॅन्सर. मोनोसाइट नाहीसे होणं ही त्याची खूण. ल्युकेमियाच्या शंभर रोग्यांत जेमतेम दोघांना. आणि हा रोग वेगळा म्हणून ओळखला तो याच गावात, १९५८ साली, पेरूहून आलेल्या डॉ. बर्था बूरोंकल यांनी. योगायोगाला तरी काय म्हणायचं!

बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, तपासायच्या वेळी सुई हाडात गेली, सिरिंज ओढली, काही नाही. परत ओढली, तरी कोरडीच. मला वाटलं जागा चुकली. पण या रोगात मॅरोत तंतूंचं जाळं विणलं जातं, तो ओढून येतच नाही म्हणे. शेवटी हाडाचा सुतळीएवढा तुकडा काढला. पेशींवरच्या खुणा शोधणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीत या रोगाच्या खुणा, सीडी१०३ आणि सीडी२५, लागल्या, बीआरएएफ या जीनमधला बिघाडही निघाला.

नाव कळलं तरी औषध लगेच नाही. क्लॅड्रिबिन या औषधाचा एकच कोर्स, आणि बहुतेकांचा रोग वर्षानुवर्षं गप्प. पण ते आधी उरल्यासुरल्या पेशीही पाडतं, त्यामुळे अंगात जंतू असताना द्यायची सोय नाही. महिनाभर दंडातल्या लाइनमधून नुसतं अँटिबायोटिक. कॅन्सर आहे हे माहीत असून वाट पाहायची! हिने रोज चार वेळा ताप वहीत लिहिला, जुन्या हिशेबाच्या वहीत, वाणसामानाच्या पुढच्या पानावर. सप्टेंबरअखेर सात दिवस औषध झालं. परवाचे न्यूट्रोफिल १४००, प्लेटलेट १ लाख ३० हजार.

आता जे लिहायला नको वाटतं ते. तीन वर्षांपूर्वी नीताच्या लग्नाला आलो तेव्हा तुम्ही सांगलीच्या लॅबमध्ये माझं रक्त घेतलं होतं. मोजणीच्या काउंटरची कटकट वाजवत शंभर पेशी हाताने मोजल्यात आणि म्हणालात, "प्लेटलेट कमी आहेत रे, तिकडे गेल्यावर परत कर." मी केलीच नाही.

तुम्ही रिपोर्टची प्रत ठेवता, माहीत आहे मला. त्यात मोनोसाइट किती लिहिलेत तेवढं बघून कळवा. डॉक्टरीणबाई विचारताहेत.

आपला,
सुधीर